आधी तोंड उघडा, मग बोलू

डॉक्टर म्हणाले, "कॅन्सरच आहे." ते ऐकल्यावर माझ्या नवऱ्यानं पहिली गोष्ट काय केली असेल, तर शर्टाच्या खिशाला हात लावला. खिशात खर्र्याची पुडी होती. काढली नाही, खाल्ली नाही, फक्त जागेवर आहे ना ते चाचपून पाहिलं. मी ते पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं असावं.

यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातली ती लहानशी खोली होती. टेबलावर बायोप्सीचा रिपोर्ट होता. बायोप्सी म्हणजे जखमेचा बारीकसा तुकडा काढून तो तपासणं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की तोंडाला आतून जे मऊ अस्तर असतं, त्यात सुरू होणारा हा कॅन्सर. डावा गाल आणि खालची हिरडी. आपल्या भागात हा फार दिसतो, असंही म्हणाले.

मी हे का लिहिते आहे ते आधीच सांगते. धीर द्यायला लिहीत नाही. धीर देणारे पुष्कळ आहेत, आमच्या घरी रांग लागली होती त्यांची. मी रागावलेली आहे, आणि तो राग कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. ज्याच्या गालात आत्ता काही कोंबलेलं आहे, त्यानं हे वाचावं. त्याच्या बायकोनं तर नक्कीच वाचावं.

आम्ही घाटंजीचे. मी घरीच बायकांचे ब्लाऊज शिवते. माझे यजमान, सुधाकर, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचे. त्यांच्याशिवाय वरात हलत नसे असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. लग्नसराईत झोप कमी, उभं राहणं जास्त, म्हणून खर्रा. सराई संपली की काम नाही, वेळ जात नाही, म्हणून खर्रा. बाहेरच्यांसाठी सांगते, सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटला की जे तयार होतं त्याला आम्ही खर्रा म्हणतो. कागदावर त्याला बंदी आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो सकाळपासून घोटला जातो. तिथला गजू यांचा लहानपणापासूनचा मित्र. मागावाही लागत नसे, हे दिसले की त्याचा हात पन्नीकडे जायचा.

पहिली खूण तिखटाची होती. वऱ्हाडातला माणूस, ठेचा खाऊन वाढलेला, आणि एक दिवस साधी वांग्याची भाजी तोंडात घालून डोळ्यात पाणी आलं. मग भाजीत तिखट कमी करायला सांगू लागले. मग घास लहान झाले. भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. मी विचारलं, तर दाढ दुखते म्हणाले.

दुसरी खूण मला उशिरा कळली. एका वरातीत मी पाहिलं तर यांच्या गळ्यात ड्रम होता. क्लॅरनेट दुसराच कोणी वाजवत होता. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाले, "नव्या पोराले शिकू दे ना. आमीच किती दिवस वाजवत राहाव." खरी गोष्ट अशी होती की गाल फुगत नव्हते. हवा धरता येत नव्हती. साधी शिट्टीसुद्धा येत नव्हती. हे त्यांनी वर्षभर घरात सगळ्यांपासून लपवलं. बँडमधल्यांना कळलं होतं, पण तिथेही कोणी बोललं नाही. कारण ते सगळेच खातात.

तिसरी खूण म्हणजे छाला. गालाच्या आत पांढरट कडा असलेला, भरून न येणारा फोड. गावातल्या एका डॉक्टरनं पोटात उष्णता आहे म्हणून गोळ्या दिल्या. छाला राहिला, गोळ्या संपल्या, पुन्हा गोळ्या आणल्या. एक दाढ हलायला लागली आणि कानापर्यंत कळ जाऊ लागली, तेव्हा मी शिलाई मशीन झाकून ठेवली, यांना बसमध्ये बसवलं आणि यवतमाळला आणलं.

तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी तोंड उघडायला सांगितलं. मग म्हणाले, "तुमची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि दातांमध्ये घाला." यांचं एक बोट गेलं, दुसरं अडकलं. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं, ओरल सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीनं गालाची आतली कातडी हळूहळू चामड्यासारखी कडक होते आणि तोंड उघडणं बंद होत जातं. हा स्वतः कॅन्सर नाही, पण त्याच्याकडे जाणारी वाट आहे. "चार-पाच वर्षांपूर्वी कोणी हे पाहिलं असतं तर," ते म्हणाले आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

चार-पाच वर्षांपूर्वी यांचं तोंड कोणी पाहणार होतं? आमच्याकडे नवऱ्याचं तोंड बघणारी बायको कजाग ठरते.

सीटी स्कॅन झाला. आजार जबड्याच्या हाडाला लागला होता आणि मानेतल्या एका गाठीत उतरला होता. नागपूरला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करावं लागेल असं सांगितलं. आम्ही घरी आलो आणि घरात माणसं जमली.

माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, मध्ये बसले. त्यांनी सांगितलं की हत्यार लागलं की कॅन्सर अंगभर पसरतो, म्हणून चिरफाड करायची नाही. पुसदकडे एक माणूस झाडपाला देतो, त्यानं कितीतरी लोक बरे झाले. बरे झालेल्यांपैकी एकाचं नाव सांगा, मी म्हटलं. त्यांना राग आला. बायकांनी मध्ये बोलू नये असं ते उघड म्हणाले नाहीत, पण माझ्याकडे पाठ करून बसले. आणि बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या खिशातली पुडी काढली, तळहातावर ओतली, ओठाच्या आत भरली. कॅन्सर झालेल्या भावासमोर, कॅन्सरच्या उपायांची चर्चा करताना.

मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "ऑपरेशननं पसरत नाही, बाई. उशीर केला की पसरतो. लोक पेशंटला ऑपरेशनला उशिरा नेतात, आणि मग मेल्याचा दोष ऑपरेशनवर टाकतात." मी तेवढंच वाक्य घरात सगळ्यांना ऐकवलं आणि नागपूरची तयारी सुरू केली. भासरे आले नाहीत. बरं झालं.

नागपूरच्या दवाखान्याच्या त्या मोठ्या हॉलमध्ये बसलात, तर तुम्हाला वाटेल आपल्याकडचा बाजार भरला आहे. सगळी आपलीच माणसं. दारव्ह्याची, बोरी अरबची, वणीकडची. अर्ध्यांच्या तोंडाला दुपट्टा बांधलेला. नंबर लागेपर्यंत कोणी बोलत नाही, कारण बऱ्याच जणांना बोलता येत नाही. आणि त्यांच्यासोबत आलेले भाऊ, मेहुणे, जावई पाय मोकळे करायला बाहेर जातात आणि गाल भरून परत येतात. जिन्याच्या कोपऱ्यात लाल पिचकाऱ्या. त्या जिन्यानं वर गेलं की वॉर्डात कापलेल्या जबड्यांची माणसं.

ऑपरेशन दिवसभर चाललं. डावीकडचा खालचा जबडा, त्यावरचे दात, गालाचा भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या. ती पोकळी भरायला छातीवरचं मांस आणि कातडी वळवून वर आणून शिवली, त्याला ते फ्लॅप म्हणतात. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवली, ती ट्रॅकिऑस्टॉमी. नाकातून पोटात दुसरी नळी, राइल्स ट्यूब. तिच्यातून दूध, डाळीचं पाणी, पातळ पेज. मी शिवणकाम करणारी बाई. टाके बघायची मला सवय. तरी हे टाके मला पहिल्यांदा बघवले नाहीत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी गजू भेटायला आला. सफरचंदं घेऊन आला होता. पलंगाजवळ उभा राहिला, यांच्याकडे पाहिलं, डोळे पुसले. रडला तो, खोटं सांगणार नाही. पण त्याच्या गालाला फुगवटा होता. मी त्याला वॉर्डाबाहेर नेलं आणि म्हटलं, गजूभाऊ, उद्यापासून घोटणं बंद कर. तो म्हणाला, "वहिनी, माह्यापासून तं सारा गाव नेते. साऱ्याइले थोडीच झाला? ज्याच्या त्याच्या नशिबाची गोष्ट आहे."

"गजू," मी म्हटलं, "नशिबाले चुना लागत नाही. तुह्या पन्नीत लागते. पुन्हा इथं येऊ नको."

तो गेला. सफरचंदं मी शेजारच्या पलंगावरच्या माणसाच्या बायकोला दिली. तिच्या नवऱ्यालाही ती चावता येणार नव्हती, पण तिला तरी खाता आली असती.

जखम भरल्यावर रेडिएशन सुरू झालं. म्हणजे किरणांनी उरलासुरला आजार जाळणं. चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा बनवतात आणि तो टेबलाला पक्का करतात, म्हणजे डोकं हलत नाही. किरणं लागताना काही कळत नाही. कळतं ते नंतर. मान काळी पडली, आतून सोलवटली. थुंकी बनणं थांबलं. चव गेली. पाण्याचा घोटसुद्धा काचेसारखा लागतो असं त्यांनी मोबाइलवर लिहून दाखवलं. त्या दिवसांत ते माझ्यावर चिडायचे, पेजेची वाटी ढकलून द्यायचे. मीही चिडायचे. आजारपणात नवरा-बायको जवळ येतात असं पुस्तकांत लिहितात. आमच्यात नुसतं भांडण होत होतं, त्यातला एक बोलू शकत नव्हता इतकंच. पण पेज मी पुन्हा करत होते आणि ते पुन्हा घेत होते.

त्यांनी कधी माफी मागितली नाही. मीही त्यांना मागायला लावली नाही.

आता ते बरे आहेत. तपासणीत पुन्हा काही निघालेलं नाही. चेहरा एका बाजूला बसला आहे. बोललेलं मला आणि आमच्या मुलीला कळतं, इतरांना निम्मं कळतं. मऊ भात, वरण, उकडलेला बटाटा खातात. क्लॅरनेट बँडच्या मालकाला देऊन टाकलं. खर्रा ऑपरेशनच्या दिवसापासून बंद आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पुन्हा सुरू केला तर दुसऱ्या गालात होईल, आणि मग कापायला काही उरणार नाही.

माझ्याकडे माप द्यायला येणाऱ्या बायका आता एकच प्रश्न विचारतात. "बाई, काय खाल्लं म्हणजे कॅन्सर होत नाही?" हळद किती घ्यायची, लिंबू गरम पाण्यात की थंड, गव्हांकुराचा रस कुठे मिळतो. मोबाइलवर आलेलं सगळं मला वाचून दाखवतात. आणि विचारणारीच्या दातांना मंजनाच्या तंबाखूचा काळा थर असतो. मी आता गोड बोलत नाही. मी म्हणते, काय खायचं ते मग बघू, आधी तोंडातलं थुंकून ये.

कारण साध्या गोष्टी कोणाला नको असतात. डॉक्टरांनी मला सांगितलं ते इतकं साधं होतं की मी त्यांना दोनदा विचारलं, एवढंच का? तंबाखू कोणत्याही रूपात नको, जाळून नको, चघळून नको, दातांना घासून नको. नुसती सुपारीसुद्धा नको, तिच्यात तंबाखू नसला तरी. दारू नको, तंबाखूसोबत तर अजिबात नको. रोजच्या जेवणात पालेभाजी आणि फळ असू द्या, वजन आणि हातपाय चालते ठेवा. मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस मिळते, ती वेळेत द्या. छातीत गाठ लागली किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लाजून घरी बसू नका. आणि महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहून, मोबाइलचा टॉर्च लावून तोंडात बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारा छाला, तिखट सोसेनासं होणं, तोंड कमी उघडणं. यातलं काही दिसलं तर तोंडाच्या डॉक्टरकडे जा, उष्णतेच्या गोळ्या घेत बसू नका. हे सगळं पाळूनही कोणाला होऊ शकतो, हेही त्यांनी सांगितलं. पण एवढं पाळलं असतं तर नागपूरच्या त्या हॉलमधला निम्मा तरी बाजार उठला असता.

आता मुलीची गोष्ट. प्रज्ञा आमची एकुलती एक. यांच्या आजारपणानंतर दुसऱ्या वर्षी तिला पुसदचं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, स्वतःचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, घर चांगलं. दोघं आधी फोनवर बोलले होते आणि प्रज्ञाला तो आवडला होता. हे मला माहीत होतं. मुलाचे आई-वडील आणि मामा आले, आमचे भासरेही आले. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे झाले.

मुलानं पोह्यांतल्या मिरच्या एक एक करून बाजूला काढल्या. मग कांदाही. चमचा तोंडात जाताना ओठांना घासत होता, इतकं तोंड कमी उघडत होता. चहा बशीत ओतून पूर्ण निवेपर्यंत थांबला. मी स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होते. मी बाहेर आले, त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, बेटा, तोंड उघड बरं जरा.

भासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या इज्जतीवर पाणी ओतलं. मुलाची आई म्हणाली, "आमी पोरगी पाहाले आलो का पोरगा दाखवाले?"

"दोन्ही होऊ द्या," मी म्हटलं. "मी डोळे झाकून एक संसार केला. पोरीले तसा करू देणार नाही."

मामा उठायला लागले. तेव्हा कोपऱ्यात बसलेले सुधाकर पुढे आले. पाहुणे आले की ते दुपट्टा बांधून बसतात. त्यांनी तो सोडला. त्या मुलाच्या अगदी समोर चेहरा नेला आणि त्यांच्या त्या अर्धवट बोलण्यात म्हणाले, "उघड बेटा. मले आता उघडता येत नाही."

मुलानं उघडलं. मी त्याला त्याचीच तीन बोटं घालून पाहायला सांगितलं. दोन गेली. तिसरं गेलं नाही.

पाहुणे चहा अर्धा टाकून निघाले. जाताना मुलाची आई दारात थांबून म्हणाली की असा अपमान आमच्या सात पिढ्यांत कोणी केला नाही. भासरे तेव्हापासून आमच्याकडे येत नाहीत. आणि प्रज्ञा कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "आई, तू मले आधी सांगितलं असतं तं मीच त्याले विचारलं असतं." तिचा राग बरोबर होता. माझाही बरोबर होता. घरात दोन्ही राग शेजारी शेजारी राहिले.

स्थळ मोडलं. पुढे प्रज्ञानं अमरावतीला नोकरी धरली, लग्नाचं ती तिचं ठरवेल.

स्थळ मोडून दोन-तीन महिने गेले असतील. बाजाराच्या दिवशी दारात एक बाई उभी राहिली. तीच, पुसदची. एकटी आली होती. मी या म्हटलं, तर उंबऱ्याच्या आत आली नाही. उभ्यानंच म्हणाली, "तुमी माह्या पोराचा अपमान केला. तो मी विसरणार नाही. पण त्या डॉक्टरचं नाव सांगा."

मी नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला आणि तिच्या मुलाला यवतमाळच्या बसस्थानकावर भेटले आणि दवाखान्यात घेऊन गेले, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथली कोणती खिडकी कशाची ते कळत नाही. त्याच डॉक्टरांनी पाहिलं. कॅन्सर नव्हता. कडकपणा होता, सुरुवातीचा. डॉक्टर मुलाला म्हणाले, "जे कडक झालं ते पूर्ण मऊ होणार नाही. इंजेक्शनं देऊ, व्यायाम शिकवू. पण आज खर्रा सोडलास तर पुढचा धोका पुष्कळ कमी होईल. उद्या सोडलास तर त्याहून कमी फायदा." मुलानं मान हलवली. बाहेर येऊन त्यानं काय केलं, खिशातलं फेकलं की ठेवलं, मी पाहिलं नाही. पण त्याची आई आता त्याचं तोंड टॉर्च लावून पाहते आणि मला फोन करून सांगते. गोड बोलत नाही. "चट्टा नाही," एवढं सांगते आणि ठेवते.

या सगळ्या आजारपणात कोणाचे आभार मानायचे असं लोक विचारतात. डॉक्टरांचे मानते, नर्सबाईंचे मानते. आणि त्या बाईचे मानते, कारण अपमान गिळून ती माझ्या दारात आली. आमच्या दारात मात्र आमचा अपमान करणारं कधी कोणी आलंच नाही. यांचे गाल फुगत नव्हते तेव्हा बँडमधले सगळे पाहत होते. सगळे भले होते, सगळे गोड बोलत होते, आणि सगळ्यांच्या तोंडात खर्रा होता.